जास्तीचं एक क्लिक

कंप्युटर नीट चालेनासा झाला की आपल्या घरात संशयित ठरलेले असतात. पहिला व्हायरस, दुसरं नेट आणि तिसरा, तो घरात असो की शाळेच्या सहलीला गेलेला असो, सगळ्यात धाकटा मुलगा. ‘तूच काहीतरी दाबलं असशील’ एवढ्यावर तपास संपतो. पडद्यावरचं बटण चालत नाही याचं कारण शिकागोच्या एखाद्या कोर्टात असू शकेल, अशी शंका मराठी घरात कुणाला आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. २००६ साली मात्र कारण खरोखरच तिथे होतं आणि धाकटा मुलगा निर्दोष होता.

त्या वर्षीच्या एप्रिलात मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररचा एक अपडेट पाठवला. तो सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांचा होता, म्हणजे नको म्हणायची सोय नव्हती. दुरुस्त्यांच्या गाठोड्यात लपून एक वेगळाच पाहुणा घरात आला. वेबपानावर फ्लॅशमधला एखादा खेळ, गाणं वाजवायची पट्टी किंवा हलता मेनू असला, तर तो दिसायचा, हलायचा, वाजायचासुद्धा. फक्त आपलं ऐकायचा नाही. त्याच्यावर माउस नेला की भोवती चौकट उमटायची आणि बारीक अक्षरांतली एक चिठ्ठी तरंगायची : ‘क्लिक टू ॲक्टिव्हेट अँड यूज धिस कंट्रोल’. पहिलं क्लिक त्याला जागं करण्यासाठी, काम सांगायचं ते दुसऱ्या क्लिकने.

तो काळ फ्लॅशच्या भरभराटीचा होता. बिल्डरच्या संकेतस्थळावर गेलं की आधी अंधार व्हायचा, मग बासरी वाजायची, मग ढगांतून एक इमारत हळूहळू खाली उतरायची. या सगळ्यातून सुटका करून घ्यायला कोपऱ्यात ‘स्किप इंट्रो’ असं बटण असे. तेही फ्लॅशमध्येच असल्यामुळे त्यालाही आधी जागं करावं लागायचं. म्हणजे ‘मला हे बघायचं नाही’ हे सांगण्यासाठी आधी ‘मला हे वापरायचं आहे’ असं कबूल करायचं. तोवर इमारत उतरलेलीच असायची. आमच्या भागातल्या सायबर कॅफेच्या मालकाने यावर स्वतःचं शास्त्र बनवलं होतं. गिऱ्हाइकाने तक्रार केली की तो मान न वळवता म्हणायचा, ‘काका, दोनदा मारा.’ कुणी ‘का?’ म्हणून विचारलंच, तर ‘वरून प्रॉब्लेम आहे’ असं उत्तर मिळे. विचार केला तर याहून अचूक उत्तर वकिलालाही देता आलं नसतं.

‘वरून’ म्हणजे कुठून, ते आता सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत मायकल डॉइल आणि त्यांचे दोन सहकारी काम करत होते. मानवी गर्भाच्या वाढीची त्रिमिती चित्रं दुसऱ्या गावातल्या डॉक्टरलाही ब्राउझरमध्ये फिरवून पाहता यावीत, अशी त्यांची खटपट होती. उद्योग चांगलाच होता, त्यात काही वाद नाही. त्यातून त्यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये ५,८३८,९०६ क्रमांकाचं पेटंट मिळालं. सार असं, की वेबपान उघडताच त्या पानातच एक बाहेरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा आणि पान न सोडता माणसाला तो हाताळता यावा, ही युक्ती आमची. तोपर्यंत निम्मं जग ही युक्ती वापरत होतं. डॉइल यांच्या इओलास या छोट्या कंपनीने १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि ऑगस्ट २००३ मध्ये शिकागोच्या ज्युरीने ५२ कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली.

हा आकडा कसा काढला ते बघण्यासारखं आहे. विंडोजच्या ३५ कोटी ४० लाख प्रती, दर प्रतीमागे १ डॉलर ४७ सेंट. त्यात आपल्याकडच्या किती प्रती धरल्या असतील हा नाजूक प्रश्न आहे. विंडोज विकत घ्यायचं असतं हीच त्या काळी आपल्याकडे अनेकांना बातमी होती. ते सीडीवर येतं, सीडी मित्राकडे असते आणि मित्राला ती कुणीतरी दिलेली असते. जास्तीचं क्लिक मात्र अस्सल आणि नक्कल असा भेद करत नव्हतं. सुरक्षिततेचे अपडेट चोरीच्या प्रतींनाही मिळत, त्यामुळे भरपाईच्या हिशेबात नसलेली माणसंही भुर्दंडाच्या हिशेबात आली. कंपन्या पेटंटची किंमत डॉलरमध्ये मोजतात, आपण ती क्लिकमध्ये मोजतो. आणि डॉलरची निदान बातमी होते.

यात गंमत अशी, की हे पेटंट अमेरिकेचं. ते आपल्याकडे लागूच नव्हतं. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के)मध्ये २००२ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलं, की निव्वळ कंप्युटर प्रोग्रॅमवर पेटंट मिळणार नाही. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून हे दार थोडं किलकिलं करून पाहिलं, पण २००५ मध्ये संसदेत विधेयक मंजूर झालं तेव्हा ती दुरुस्ती गळाली आणि दार पुन्हा लागलं. संसदेने दार लावलं आणि क्लिक खिडकीतून आलं. ब्राउझर साऱ्या जगाला एकच असतो. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी कापलेला सदराच सदाशिव पेठेला घालावा लागतो. ऑपेरा तर नॉर्वेचा ब्राउझर. त्यानेही नववी आवृत्ती काढताना हेच क्लिक मुकाट्याने आत घेतलं.

खरी मौज मात्र पळवाटेत होती. पानाच्या मजकुरात ‘इथे फ्लॅश लाव’ अशी ओळ थेट लिहिलेली असली तर जास्तीचं क्लिक लागायचं. तीच ओळ, अक्षर न बदलता, जावास्क्रिप्टच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची आणि पान उघडल्यावर त्या फाइलकडून पानात लिहून घ्यायची. मग क्लिक लागत नसे. खेळ तोच, जागा तीच, बघणारा तोच. फक्त ओळ पानाने स्वतः म्हटली की बाहेरच्याने म्हटली एवढाच फरक. आमच्या आजीच्या सोवळ्यात तांब्या हातातून हातात घेतला तर विटाळ व्हायचा; तोच तांब्या आपण खाली ठेवला आणि तिने उचलला, तर व्हायचा नाही. आजीला याचं कारण विचारायची आमची हिंमत नव्हती. इथे कारण होतं : पेटंटच्या दाव्यांची शब्दरचना, आणि त्या शब्दांतून अंग चोरून कसं जायचं याचा वकिलांनी लावलेला अर्थ. तांब्या खाली कसा ठेवायचा याच्या सूचना खुद्द मायक्रोसॉफ्टने वेब बनवणाऱ्यांसाठी प्रसिद्ध केल्या होत्या. मग जगभरची पोरं रात्र रात्र बसून आपापल्या पानांतल्या त्या ओळी उचलून वेगळ्या फाइलींत नेऊन ठेवू लागली. कितीजणांचे किती तास यात गेले याचा हिशेब कुठल्याच ज्युरीपुढे आला नाही. यातून कुणाचं काही नवं काम झालं असंही नाही. जे कालपर्यंत चालत होतं, ते उद्याही चालावं एवढ्यासाठीच सगळी धावपळ.

क्लिक वाढवणाऱ्या पेटंटची ही कथा. क्लिक कमी करणारंही एक होतं आणि त्यानेही शेवटी क्लिक वाढवलंच. एकदा पत्ता आणि कार्डाचा नंबर देऊन ठेवला, की पुढची खरेदी एका क्लिकमध्ये करायची, या कल्पनेवर ॲमेझॉनला सप्टेंबर १९९९ मध्ये पेटंट मिळालं. पुढच्याच महिन्यात त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यांवर दावा लावला आणि डिसेंबरात, ऐन नाताळाच्या खरेदीत, मनाई हुकूम मिळवला. बार्न्स अँड नोबलने काय करावं? त्यांनी खरेदीत आणखी एक क्लिक घातलं. गिऱ्हाइकाला आपण मुद्दाम थोडा जास्त त्रास देतो, हे दाखवलं की कायद्यातून सुटका. आमच्या ओळखीच्या काही दुकानदारांना हा कायदा जन्मतः अवगत आहे, पण त्यांना कोर्टाने तसं सांगितलेलं नसतं.

जेफ बेझोस यांना मात्र याची थोडी टोचणी लागलेली दिसते. मार्च २००० मध्ये त्यांनीच जाहीर पत्र लिहून सुचवलं, की सॉफ्टवेअरच्या पेटंटची मुदत तीन ते पाच वर्षंच असावी. सूचना चांगली होती, पण त्यांचं स्वतःचं पेटंट २०१७ पर्यंत सुखाने जगलं. त्या काळात आपल्या वर्तमानपत्रांतून ‘सातबारा आता एका क्लिकवर’ असे मथळे छापून येत. ॲमेझॉनच्या वकिलांनी ते वाचले असते, तरी काळजीचं कारण नव्हतं. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, मोबाइल नंबर आणि वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा एवढं पार केल्यावर जो सातबारा मिळतो, त्याने त्या पेटंटचा भंग होतो असं कुठलंही कोर्ट म्हणणार नाही.

इओलासकडे परत येतो, कारण तिथला मुख्य प्रश्न राहिलाच : ही युक्ती खरंच त्यांची होती का? वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने ऑक्टोबर २००३ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला पत्र लिहून पेटंट पुन्हा तपासायला सांगितलं. या माणसाचं म्हणणं ऐकावं असं त्याचं पुण्य होतं. त्याने स्वतः वेबवर पेटंट घेतलं नव्हतं आणि त्याच्या सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं तंत्र सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं होतं. त्यानंतर बरोबर आठवड्याने, ७ मे १९९३ रोजी, पेई-युआन वेई या तरुणाने आपला व्हायोला नावाचा ब्राउझर सन मायक्रोसिस्टिम्सच्या दोन इंजिनिअरांना दाखवला. पानातच चालणारा छोटा प्रोग्रॅम त्यात होता. म्हणजे पेटंटच्या अर्जाच्या सव्वा वर्षाहून अधिक आधी. वेईने पेटंट घेतलं नाही. ब्राउझर महिनाअखेरीला नेटवर ठेवून दिला.

इथे मला हळद आठवते. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपीच्या विद्यापीठाला १९९५ मध्ये मिळालं, तेव्हा आपल्याकडे आधी हसू आलं आणि मग संताप. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. गोव्यातल्या माशेलचा हा माणूस. हळद कुठे लावतात हे त्यांना सांगायची गरज नव्हती. पण तेव्हाच्या अमेरिकन कायद्याला परदेशात एखादी गोष्ट नुसती वापरात असणं पुरत नसे, ती छापलेली दाखवावी लागे. समस्त आज्यांची साक्ष बाद. सीएसआयआरने ३२ लेखी संदर्भ जमा केले, त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा लेखही होता, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

हळदीचा निकाल दोन वर्षांत लागला. व्हायोलाला एवढं नशीब नव्हतं. पेटंट कार्यालयाने तपासणी केली आणि सप्टेंबर २००५ मध्ये पेटंट योग्यच आहे असं सांगितलं. त्यानंतरच एप्रिल २००६ चं ते क्लिक आलं. पुढे ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि इओलास यांची आपसांत तडजोड झाली आणि एप्रिल २००८ मधल्या अपडेटने क्लिक गेलं. आलं तेव्हा कुणी सांगितलं नाही, गेलं तेव्हाही कुणी सांगितलं नाही. कॅफेतली मंडळी त्यानंतरही काही काळ इमानदारीने दोनदा मारत होती.

तडजोडीने हुरूप आलेल्या इओलासने २००९ मध्ये गूगल, ॲपल, ॲडोबी, ॲमेझॉन असे वीसहून अधिक मोठे मासे एकदम जाळ्यात घ्यायचं ठरवलं. खटला चालला टेक्ससच्या टायलर या गावात. गुलाबांसाठी हे गाव ओळखलं जातं आणि दावा लावणाऱ्या पेटंटवाल्यांचंही ते आवडतं गाव. फेब्रुवारी २०१२ मध्ये बर्नर्स-ली आणि वेई दोघेही तिथे साक्षीला उभे राहिले आणि ज्युरीने सांगितलं, की हे दावे मुळात वैधच नव्हते. २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे ज्या हक्कासाठी जगाने दोन वर्षं जास्तीचं क्लिक केलं, तो हक्क ज्युरीच्या मते द्यायलाच नको होता. मायक्रोसॉफ्टने तडजोडीत दिलेले पैसे मायक्रोसॉफ्टला ठाऊक. आपली क्लिकं परत मागायला खिडकी नाही.

वेबच्या प्रत्येक बारीक गोष्टीवर कुणीतरी कधीतरी हात ठेवलेला आहे. २००० साली ब्रिटिश टेलिकॉमला आपल्या कपाटात एक जुनं पेटंट सापडलं आणि वेबवरची प्रत्येक लिंक आपली आहे असा साक्षात्कार झाला. त्यांनी प्रॉडिजी या कंपनीवर दावा लावला. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी तो सरळ निकालात काढला. सरकारी संकेतस्थळांवर वर्षानुवर्षं लुकलुकणारं ते लाल ‘न्यू’ असतं ना, ते जिफ चित्र. जिफमधली आकार लहान करायची पद्धत युनिसिसच्या पेटंटखाली होती आणि डिसेंबर १९९४ मध्ये त्यांनी पैसे मागायला सुरुवात केली. वैतागलेल्या मंडळींनी पीएनजी हा नवा प्रकार घडवला. तो पारदर्शक, सुबक आणि फुकट होता. पण इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ला त्याची पारदर्शकता समजत नसे; जिथे काही दिसायला नको तिथे तो राखाडी रंग फासायचा. त्यामुळे कित्येक बोधचिन्हं आपापल्या राखाडी चौकटीत गुदमरत बसलेली दिसायची. जिफचं अमेरिकन पेटंट जून २००३ मध्ये संपलं. ‘न्यू’ अजून लुकलुकतं आहे आणि त्याखालची सूचना बहुधा त्याच सुमाराची आहे.

आता फ्लॅश गेलं, सायबर कॅफे गेले, पण सोवळं राहिलं. फायरफॉक्समध्ये ‘ॲड-ऑन्स’मध्ये जाऊन ‘प्लगिन्स’ची यादी उघडा. तिथे ओपनएच२६४ नावाचा एक पाहुणा बसलेला सापडेल, सिस्कोकडून आलेला. आपण कधी त्याला बोलावलं नव्हतं. एच.२६४ ही व्हिडिओ आवळायची सर्वत्र चालणारी पद्धत पेटंटांनी वेढलेली आहे आणि फुकट वाटायच्या ब्राउझरला तिचा परवाना परवडणारा नाही. २०१३ मध्ये सिस्कोने सांगितलं, की परवान्याचे पैसे आम्ही भरतो. अट एवढीच, की तयार प्रोग्रॅम सिस्कोकडूनच आला पाहिजे. म्हणून फायरफॉक्स तो स्वतःच्या पोटात घालून देत नाही. फायरफॉक्स तुमच्या मशीनवर आला, की तो प्रोग्रॅम तुमच्या मशीनकडून सिस्कोच्या दारातून उचलून आणवतो. तांब्या पुन्हा खालीच ठेवलेला.

त्याच्या पुढची पद्धत एचईव्हीसी, २०१३ ची. तिचे परवाने देणारे एक नव्हे, तीन निरनिराळे गट उभे राहिले आणि काही पेटंटवाले तिन्हींच्या बाहेर राहिले. विंडोजवर तिची किल्ली अमेरिकेत ९९ सेंटला विकत मिळते. ब्राउझरवाल्यांपैकी अनेकांनी हे त्रांगडं बघून हात जोडले आणि २०१५ मध्ये एकत्र येऊन पेटंटचा कर नसलेली वेगळी पद्धत करायला घेतली. पण अनेक नव्या फोनांचे फोटो आतून याच एचईव्हीसीने आवळलेले असतात आणि फाइलच्या नावापुढे एचईआयसी अशी शेपटी लावून येतात. फोनमध्ये ते झकास दिसतात. बहुतेक ब्राउझर मात्र त्यांना ओळख देत नाहीत.

ही शेपटी माझ्या भाच्याच्या प्रवेश अर्जात निघाली. फोटो काढला भिंतीपुढे उभं करून, कान दिसतील असा, नियमाप्रमाणे. पोर्टल म्हणालं, फक्त जेपीजी. बहिणीने नेटची केबल काढून पुन्हा लावली. भावजींनी फाइलचं नाव बदलून शेवटी जेपीजी असं लिहून पाहिलं. पोर्टल फसलं नाही. शेवटी भाच्यानेच उपाय काढला. फोटो वॉट्सॲपवर कुणालाही पाठवायचा, तो जाता जाता जेपीजी होतो, मग तोच उतरवून घ्यायचा. घाईत त्याने पाठवला तो नेमका घराण्याच्या ग्रुपवर. अर्ध्या मिनिटात मावशीचं उत्तर आलं, ‘किती वाळलास रे! हॉस्टेलला जेवण बरं नाही का?’ तो अजून हॉस्टेलला गेलेला नव्हता, अर्जच त्यासाठी चालला होता. पाठोपाठ नाशिकच्या काकांनी ‘अभिनंदन’ लिहिलं, कशाबद्दल ते विचारायची पद्धत आमच्यात नाही, त्यामुळे आणखी नऊ-दहा अभिनंदनं आली. तोवर फोटो जेपीजी झालेला होता. भाच्याने तो उतरवून घेतला, अर्जाला लावला आणि पोर्टलने परत केला. फोटो ५० केबीपेक्षा मोठा होता. एवढ्या एका गोष्टीत पेटंटचा काही संबंध नाही, हे नमूद केलेलं बरं.